सेल्वी, ऐंशी रुपये

हे आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही — आईच्याही नाही. आत्ता सांगतानाही भीती वाटते. कुणाची? रघूची, माझ्या नवऱ्याची? छे. तो बिचारा कशाला येतोय इथे.

फोन वाजला की अजून दचकते. रघू घर सोडून चेन्नईतच तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये — म्हणजे सड्या पुरुषांच्या खोल्यांत — राहायला गेला, तेव्हापासूनचं हे. बँकेतलं खातं दोघांच्या नावावर, घरासाठी साठवलेले पैसे त्यात. त्याने काही खर्च केला की मेसेज माझ्याही फोनवर. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात मीटिंग चालू असायची आणि माझा डोळा टेबलाखाली. सगळं संपवून टाकेल का हा? मी रस्त्यावर येईन का? माहेर साताऱ्याला, चेन्नईत माझं होतं कोण?

आणि रोज संध्याकाळी एकच नाव. सेल्वी. ऐंशी रुपये. कधी शंभर. एकदा तर दोन हजार!

अंगाचा तिळपापड झाला. घटस्फोटासाठी गाठलेल्या वकीलबाईंना सांगून टाकलं — आमच्या संसाराचा पैसा तो एका बाईवर उडवतोय. त्यांनी अर्जात तसं लिहायला घेतलं.

मग — इथे माझी जीभ अडखळते — अर्ज कोर्टात जायच्या आधी मी तिला बघायला गेले. मॅन्शनमागच्या गल्लीत रघू बाकड्यावर पाठमोरा बसून इडली खात होता. समोर हातगाडी. फोनवरून पैसे भरायच्या क्यूआर पाटीवर नाव सेल्वी. पन्नाशी उलटलेली, पदर खोचलेली बाई. मला गिऱ्हाईक समजून हसली. "वांगम्मा, साप्पिडुंग." या, खा म्हणाली. मी तशीच मागे फिरले.

वकीलबाईंना एक फोन करायचा होता. केला नाही. का? ती बाई काढली तर माझ्या हातात उरत काय होतं — इडल्या? पैसे जातील म्हणून घाबरले. चोरून पाळत ठेवते हे उघडं पडेल म्हणूनही घाबरले.

अर्ज गेला. तिला साक्षीला बोलवू, असं वकीलबाई कोर्टात म्हणाल्या, तसा रघूने मला कोर्टाच्या जिन्यात गाठलं. घाबरला की त्याच्या तंजावरी मराठीत तमिळ जास्तच यायचं. "पावम गं ती, बिचारी. लेकीचं लग्न ठरलंय तिच्या, दोन हजार त्याच्यासाठी दिले मी. तुझा गैरसमज झालाय. तिला इथं ओढू नको — वेण्डाम."   मी त्याला ओलांडून जिना उतरले.

त्याने पैशांवरचा हक्क सोडला. सगळा. अट एकच, सेल्वीचं नाव अर्जातून काढायचं.

त्या पैशांतून घेतलेल्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये मी राहते. दोन-दोन कड्या लावून झोपते. दिवाळीला रघूचा मेसेज येतो, न चुकता. त्याला अजून वाटतं, माझा गैरसमज झाला होता.

गैरसमज नव्हता. मी पाहिलं होतं.