पाणी हुंगून पिणारा फौजी

बाप कामठीत दुसऱ्याच्या मागावर विणायचा. दोन वेळची चूल पेटणं अवघड, तरी त्यानं मला नागपूरला वकिली शिकायला पाठवलं. कॉलेजला जाता-येता कामठीच्या बसस्टँडवर रोज एक म्हातारा फौजी दिसायचा. रांजणातलं पाणी तो आधी हुंगायचा, मग प्यायचा.

"अत्तर हाय का काका?" मी एकदा विचारलं.

"लढाईत दुश्मनानं पयून जाताना एका गावच्या विहिरीत राकेल टाकलं गा. लेकरं पान्यासाठी रडून राहिली होती. याचा खटला कुठं चालते?"

मी पुस्तकं धुंडाळली आणि सांगितलं, "पान्यासाठी वेगळा कायदाच नाही, काका."

"मंग तू काहून शिकून राहिला?" तो हसला. पेला हुंगून त्यानं माझ्या हाती दिला. "पी. चांगलं हाय."

पुढे देशांनी करार केला: युद्धातही लोकांचं पिण्याचं पाणी नासवायचं नाही. तो कायदा आज मी कॉलेजात शिकवतो.