आवाजापुढे पळणारं टोक

सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली सगळेच पडून राहतात. पण त्या पंख्याचं टोक किती वेगानं पळतंय हे कळल्याशिवाय ज्याला पाणीसुद्धा गोड लागत नाही, असा माणूस पृथ्वीवर एकच, आणि तो आमच्या गल्लीत राहतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांना एक्झॉस्ट फॅन बसवून देणं हा अण्णांचा धंदा. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि बिघडलेल्या पंख्याशी दोन्ही. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी हात जोडले, तर हे छताकडे बघून म्हणाले, "तुमच्या डोक्यावर ताशी सत्तरनं गाडी चाललीय की हो!" व्याही दोन पावलं मागे सरकले. पात्याचा घेर मोजायला खिशात सुतळी, आणि पात्याचं टोक व भोवतीची रिंग यांच्यातली फट मोजायला करंगळीचं वाढवलेलं नख. ते एकदा मोडलं, तेव्हा अण्णा दोन दिवस कामावर गेले नाहीत. "हत्यारच गेलं की," म्हणाले.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. चार वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला त्यांना मीच बोलावलं. खरं सांगतो, पोरांना गंमत म्हणून. अण्णा रंगात आले. "प्रोपेलर उघडा असतो. त्याचं टोक आवाजाच्या वेगाला भिडलं की लई बोंबलतं, ताकद खातं. म्हणून त्याला आवरून फिरवतात. जेटचा पंखा रिंगमधे बसलेला, पाती टोकाला पातळ. त्याचं टोक आवाजाच्या पुढे पळतं!"

मी उठलो. "अण्णा, प्रोपेलरला जे झेपत नाही, ते पंख्याला कसं झेपेल?" अख्खा हॉल हसला.

"लिहून ठेवतो सर," एवढंच ते बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाळ्याच्या भिंतीवर लाल अक्षरं उमटली: जेटच्या पंख्याचं टोक आवाजापुढे पळतं. कामगार जाता-येता डिवचायचे, "अण्णा, पोचलं का टोक?"

"ते कवाच पोचलंय. सर यायचेत."

सर दोन दिवसांतच पोचले होते. पुस्तकात स्पष्ट होतं: भोवतीचं कवच हवेला आवरतं, पात्यांना तसा आकार दिलेला असतो, आणि विमान उडताना पंख्याची टोकं खरोखरच आवाजाला मागे टाकतात. मी उघड्या प्रोपेलरचा नियम बंदिस्त पंख्याला लावला होता. पुस्तक मिटलं आणि चार वर्षं अण्णा दिसले की रस्ता बदलला.

गेल्या आठवड्यात शेवटी त्यांच्या गाळ्यावर गेलो. शेजारच्या शेडमधे लूम खडखडत होते.

"अण्णा, तुमचं बरोबर होतं."

"काय? ऐकू येईना!"

तीन शेड पलीकडच्या बेअरिंगची कुरकुर ओळखणारा हा माणूस! मी ओरडलो. कामगारांच्या माना वळल्या.

"अजून मोठ्यानं, सर. हॉल मोठा होता."

घसा बसेपर्यंत ओरडलो. अण्णांनी शांतपणे चुन्याची बादली घेतली आणि भिंतीवर ब्रश फिरवायला लागले.

"राहू द्या ना ते," मी म्हणालो.

"तुमच्यासाठीच होतं. वाचून झालं की."

आता मी मुद्दाम त्या रस्त्यानं जातो. चुन्याखालून लाल रंग अजून थोडा दिसतो. पावसाळ्यापर्यंत तरी टिकावा.