पल्लवीच्या सायकलवरचा 'र'

दोस्तहो, डोकं चालेनासं झालं आहे. कोणीतरी समजावून सांगा.

शेजारच्या पल्लवीची जुनी सायकल मी अंगणात रंगवून राहिलो आहे. आज सकाळी जुना रंग घासताना चेनकव्हरवर कर्कटकानं कोरलेला 'र' दिसला. माझी सटकलीच. कोण हा 'र'? पत्रा चकाकेपर्यंत सँडपेपर मारला आणि वरून निळा रंग दिला.

संध्याकाळी ती आली. बाकी सायकल सोडून आधी चेनकव्हरच पाहिलं.

"इथलं अक्षर कुठं गेलं बे?"

"घासलं. काहून, कोण आहे तो?"

"तुले रंगवाले दिली होती ना सायकल? ते मिटवाले कोणं सांगितलं?"

तिचे डोळे भरले. सायकल तिथंच टाकून निघाली. फाटकातून वळून म्हणाली, "रंग मस्त लावला हो, रोहित."

मले सगळे बंटी म्हणतात, तीसुद्धा. रोहित हे नाव फक्त कॉलेजच्या हजेरीत होतं, अन् कॉलेज तर मी अर्ध्यातच सोडलं.

मग हा टोमणा होता की उत्तर? पोरींनो, तुम्हीच सांगा. उद्या सायकल पोचवायची आहे. 'र' परत कोरू का? अन् तो गल्लीतल्या राहुलचा निघाला तर?