इतिवृत्त वाचून होईपर्यंत

"वाचून दाखवा, सार, मग सही." चहाच्या कुपनांची वही पुढे केली तरी ते असेच, तमिळ वळणाने 'सर'चे 'सार' करून म्हणत आणि दोन्ही हात पाठीमागे नेत. आपणांपैकी कोणी तमिळ मुलखातल्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांत नोकरी केली असेल, तर अशी माणसे तिथे किती विरळ, हे त्यांना ठाऊक असेल.

ते मूळचे तंजावरकडचे मराठी. म्हणून सगळे त्यांना नुसते राव म्हणत. आमच्या प्रयोगशाळेत ते कंत्राटावर पाण्याचे नमुने तपासत. माझे पुण्याचे मराठी ऐकून त्यांना हसू येई. मी पुस्तक वाचल्यासारखा बोलतो, असे त्यांचे मत होते.

त्यांचे गाव कारखान्यापासून थोडे दूर, आमचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या ओढ्याच्या काठी. त्या उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीचे पाणी पिवळे पडले. त्या पाण्याची बाटली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, तेव्हा मी आधी दार लावून घेतले. कारखान्याच्या विस्तारासाठी जनसुनावणी जाहीर झाली होती आणि तिथे बोलायचे, असे त्यांनी ठरवले होते. कंत्राट जाईल, मी म्हणालो. जाईल, ते म्हणाले. पण विहीर कागदावर यायला हवी, नाहीतर पाणी पहिल्यापासून असेच होते म्हणतील.

सुनावणीच्या मंडपातली बहुतेक माणसे कंपनीच्याच बसमधून आणलेली होती. त्या दिवसापुरती बसेसची जबाबदारी माझ्याकडे होती. भाषणे संपताच त्या मंडपाशी लावायच्या, जेवणाची पाकिटे बसमध्येच वाटायची, असा कारखान्याच्या साहेबांचा हुकूम होता. कारण मला उमगले होते. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त लोकांना वाचून दाखवावे लागते. ते ऐकायला कोणी उरू नये. व्हिडिओवाला बोलणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा टिपत होता. राव विहिरीबद्दल दोनच मिनिटे बोलले. मग मी बसेस बोलावल्या.

मंडप रिकामा झाला. राव मात्र पहिल्या रांगेत बसून राहिले. सरकारी अधिकाऱ्यांनी भराभर वाचले. त्यात विहीर नव्हती.

"माझी विहीर राहिली, सार," राव तमिळमध्ये म्हणाले.

"नंतर घालू."

"मी बसतो. घाला, वाचा."

साहेब मला हळूच म्हणाले, "तुमच्याच भाषेचा ना? समजवा."

मी जवळ गेलो. बस सुटेल, असे काहीतरी पुटपुटलो.

"आइका," ते मान न वळवता मराठीत म्हणाले, "तुम्ही जावा. बाटली तुम्हांस दाविली, ते मी कुठं सांगत नाही."

मला नेमकी तीच भीती होती. मी निघून आलो. मंडपाच्या टोकाशी मागे वळून पाहिले, तेव्हा अधिकारी पेनाचे टोपण काढत होते. ती ओळ शेवटी इतिवृत्तात आली.

सोमवारी फाटकावर त्यांचा पास काढून घेतला गेला. मी ते खिडकीतून पाहिले आणि खिडकीतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीची आमची बस सवयीने त्यांच्या गावाशी थांबली. ते थांब्यावर उभे असतील, सर्वांदेखत मला हाक मारतील, या धास्तीने मी मान खाली घातली. दार उघडले, मिटले. थांब्यावर कोणी नव्हते. मला हायसे वाटले. एवढे एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षे लागली.