लेकीचे थंड पाय

लेकीच्या पहिल्या थंडीत आमच्या लाखांदूरकडच्या घरी येणारी प्रत्येक बाई आधी तिच्या पायाला हात लावायची. "थंडगार हायेत वं," म्हणायची आणि हाताला लागेल ते झोपलेल्या पोरीवर पांघरायची. दुपारपर्यंत स्वेटर, दुपटं, वर दोन गोधड्या. बाजेखाली सासूबाईंनी ठेवलेली निखाऱ्यांची शेगडी. पाय मात्र थंडच! मग बाळाला थंडी वाजते की नाही, हे ओळखायचं तरी कशावरून? गावातली आरोग्यसेविका, आशाताई, बाळाला बघायला आली तेव्हा तिलाच विचारलं. ती म्हणाली, "तान्ह्या बाळाचे पाय थंडच राहतात. मानेमागं हात घालून पाहा."

घातला, तर मान घामानं ओलीचिंब. मी तडक गोधड्या ओढून काढल्या, शेगडी अंगणात नेली. सासूबाई कडाडल्या, "पाच पोरं वाढवली म्या! तू मले शिकवून राहिली?"

मी त्यांचा हात धरून लेकीच्या मानेमागं ठेवला. तो बराच वेळ तिथंच राहिला.

संध्याकाळी शेजारीण आली आणि पायाकडे वाकली. सासूबाईंनी तिला अडवलं. "पाय नोको, मान पाह्य." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाच पोरं. एकाचीबी मान पाह्यली नाही म्या."