दहा लाख तीन

मास्तरांची थोरली लेक शिलाईत पटाईत, पण बापाच्या हट्टापुढे तिची मात्रा चालत नसे. मोठ्या शहरातल्या एका शिवणाच्या दुकानाने तिला कापड बेतायच्या कामावर बोलावलं होतं. तिथल्या मालकीणबाई तिच्यासाठी जागा राखून होत्या. अडचण बाबांची. त्यांची नजर गेलेली. तिचा धाकटा भाऊ त्यांना आपल्याकडे न्यायला तयार होता, पण बाबा खाट सोडतील तर शपथ!

शेवटी त्यांनी अट घातली. "दहा लाख तीन. हिला कशाने निःशेष भाग जातो का बघ. यंत्र नको, हाताने कर. निकाल लागला की निमूट जातो."

जन्म गणित शिकवण्यात गेला, खोड कशी जाणार! लेक बिचारी घरच्या शिवणखोलीत गिऱ्हाईक नसलं की कापड बेतायच्या टेबलावर खडूने भागाकार मांडी. सात झाला, अकरा झाला, तेरा झाला. ती बाकी सांगे, आतून आवाज येई, "पुढचा."

एकशे एकने भागल्यावर बाकी दोन उरली. ती चिडली. "दोन कमी सांगितले असतेत, तर आजच सुटले असते!"

"म्हणून तर नाही सांगितले," बाबा हसले.

भाजक मोठे होत गेले, टेबल पांढरं होत गेलं. मालकीणबाईंचे फोन विरळ झाले. त्या खोलीत तिचा जीव गुदमरायचा. बाप बरा, पण त्याची संख्या नको, असं झालं होतं तिला. हजार ओलांडला तरी "पुढचा" काही थांबेना.

मग एक दिवस बाबांचा जुना विद्यार्थी पँट आखूड करायला आला. टेबलाकडे बघून म्हणाला, "ताई, एक हजार तेराने कशाला भागताय? हजार गुणिले हजार म्हणजेच दहा लाख. दोन्ही भाजक हजाराच्या वर असते, तर गुणाकार हिच्या पुढे गेला असता. एक तरी हजाराच्या आत सापडायला हवा. नाही ना सापडला? मग मूळ संख्या आहे ही, फुटायची नाही. मास्तरांनीच तर शिकवलंय."

तिने टेप बाजूला फेकली. तिने आधी मालकीणबाईंना फोन लावला. जागा गेल्याच आठवड्यात भरली होती. "वाट तरी किती बघायची, बाई?"

ती तरातरा आत गेली. "बाबा, हजारालाच निकाल लागला होता. तुम्हाला ठाऊक होतं! डांबून ठेवलंत मला!"

बाबा गडबडले. "ठाऊक होतं. पण तुलाही होतंच की! सातवीत मीच शिकवलं, तू पहिल्या बाकावर होतीस. हजारानंतर तू थांबशील म्हणून मी कान देऊन बसलो होतो. तू म्हणालीस, एक हजार नऊ. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"तुलाच जायचं नाही. इतका आनंद झाला होता गं मला."