विमलबाईंनी कापलेला काळा ठोकळा

खड्ड्यात उतरण्याआधी विमलबाई हातातल्या बांगड्या काढून पदराच्या गाठीत बांधायच्या. मातीवर ओरखडासुद्धा उठू नये म्हणून. राजुऱ्याजवळ एका नाल्यावर पूल व्हायचा होता. मी नागपूरहून नुकतीच आलेली इंजिनीयर, त्या आमच्या माती तपासणीच्या टोळीतल्या मजूर. पण जमिनीतली माती आहे तशीच, न हलवता, न दाबता, अख्ख्या ठोकळ्यात कापून काढायची, तर हात त्यांचाच लागे.

"ही माती लाव्ह्याची आहे," मी पहिल्याच दिवशी त्यांना उत्साहाने सांगितलं. "ज्वालामुखीतून वाहिलेल्या लाव्ह्याचा दगड झाला आणि तो झिजून ही काळी माती."

"मंग तापट राहणारच," त्या म्हणाल्या. "पाण्यानं फुगते, उन्हानं फाटते. हिले हळूच हात लावा लागते."

तिसऱ्या दिवशी खड्डा पुरुषभर खोल गेला. आमच्या टोळीच्या साहेबांनी वरूनच एक सलग, घट्ट भाग दाखवला. विमलबाई मात्र पलीकडची भिंत बोटांनी चाचपत होत्या. "मॅडम, इथी या."

मी उतरले. मातीत एक तिरपी चीर होती, काचेसारखी गुळगुळीत, चकाकणारी. जमीन पूर्वी कधीतरी याच चिरेवरून सरकली होती. पुस्तकातलं चित्र हाताला लागत होतं.

"तो तुकडा फुटेल," साहेब म्हणाले. "चांगला घ्या."

"सायेब, पूल काय चांगल्याच तुकड्यावर उभा राहीन का?"

साहेबांनी वर उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऊन चढायच्या आत होत असेल तर बघा."

मी ओलं गोणपाट धरून सावली केली. विमलबाईंनी तारेनं, सुरीनं चारी बाजू मोकळ्या केल्या, कापड गुंडाळलं, वितळलेलं मेण फासलं. वरून बिनतळाची पेटी बसवून भुसा ठासला, झाकण आवळलं. आता तळ कापायचा. तिथेच ठोकळा चिरेवरून घसरायची भीती होती.

"घाई करू नका," विमलबाई म्हणाल्या. "मी सांगन तवाच उचला."

तार सरकत गेली. "उचला." पेटी उलटली. ठोकळा अख्खा. मी हसतच सुटले. विमलबाई तिथेच मातीत बसल्या आणि पाणी मागितलं.

आठवड्यानं प्रयोगशाळेतून फोन आला. चिरेवर माती फारच कमकुवत निघाली होती. पाया खालच्या काळ्या दगडापर्यंत न्यायचं ठरलं. मी धावत सांगायला गेले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "शाळेची पोरं जातीन तिथून."

पुढच्या कामावर साहेब स्वतः खड्ड्याच्या काठावर आले आणि म्हणाले, "विमलबाई, कुठला घ्यायचा?" बाईंनी चारी भिंती सावकाश पाहिल्या, मगच बोट दाखवलं.

गुडघे थकले तेव्हा त्या लेकीकडे गडचिरोलीला गेल्या. बसमध्ये चढताना मला म्हणाल्या, "मॅडम, माती जशी आहे तशी न्यायची. आपल्याले पाहिजे तशी नाई."